साहेबांना दुप्पट शिक्षा? आधी केस तरी नीट नोंदवली जाऊ दे

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी वर्ग दोनचे एक अधिकारी शनिवारी रात्री दारू पिऊन गाडी चालवताना नाकाबंदीत सापडले. मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा मर्यादेच्या बराच वर गेला. पुढच्या आठवड्यात त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, दहा हजार भरले आणि दुपारी ऑफिसात येऊन बसले. त्याच नाकाबंदीत सापडलेल्या एका टेम्पोवाल्यालाही दहा हजारच दंड झाला. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं : जनतेच्या पैशातून पगार घेणाऱ्याला आणि टेम्पोवाल्याला एकच शिक्षा कशी? लोकसेवकाला निदान दुप्पट नको का?

मी आधी सहायक सरकारी अभियोक्ता होतो. आता खासगी वकिली करतो आणि त्यात सरकारी नोकरांच्या विभागीय चौकश्या बऱ्याच येतात, त्यामुळे ही प्रकरणं दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. माझं मत आधीच सांगतो. कोर्टातली शिक्षा सरसकट सगळ्या लोकसेवकांना जास्त असावी, असं मला वाटत नाही. खात्यातली कारवाई मात्र कामाच्या स्वरूपाप्रमाणे वेगळी आणि कडक हवी, आणि ती फारशी होताना दिसत नाही. पण या दोन्हींच्या आधीची एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आलेलीच नाही. तुमचे अधिकारी निदान सापडले, फुंकले आणि कोर्टात उभे राहिले. हुद्द्याची खरी सवलत त्याच्याही आधी, रस्त्यावर आणि पोलीस ठाण्यात मिळते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड 'दोन हजारांपर्यंत' होता, म्हणजे कमी करायला वाव होता. आता दहा हजार म्हणजे दहा हजार. या गुन्ह्यात जागेवर तडजोड शुल्क भरून मोकळं होता येत नाही, कोर्टात जावंच लागतं. त्यामुळे न्यायाधीशाच्या हाती उरतो तो फक्त कैदेचा भाग : एक दिवसही नाही, ते सहा महिने.

आणि इथेच एक गंमत होते. हुद्दा शिक्षा वाढवायच्या कामी येतच नाही, कमी करायच्याच कामी येतो. 'साहेब, सरकारी नोकरी आहे, कैद झाली तर घर उघड्यावर पडेल' हा युक्तिवाद मी अभियोक्ता असताना ऐकला आहे आणि बचावाचा वकील म्हणून केलाही आहे. तो चालतो. टेम्पोवाल्याचा वकील, मुळात त्याला वकील असला तर, असं काही म्हणू शकत नाही. शिवाय त्याचे दहा हजार म्हणजे गाडीचा हप्ता. लायसन्स निलंबित झालं तर त्याचं उत्पन्न त्या दिवसापासून बंद. साहेबांचं लायसन्स निलंबित झालं तर पुढचे काही महिने शासकीय वाहनाचा चालक आहेच. तेव्हा एकच दंड म्हणजे एकच शिक्षा नव्हे, हा तुमचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. हुद्दा आणि नोकरी ही दया दाखवण्याची कारणं म्हणून धरू नयेत, एवढं जरी झालं तरी तुमच्या रागाचा मोठा भाग मिटेल. त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही.

आता 'दुप्पट'कडे येऊ. तुम्ही मागता ते एका मर्यादेत कायद्यात आहेच. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २१० ख आलं. हा कायदा राबवण्याचा अधिकार असलेल्या प्राधिकाऱ्यानेच त्यातला गुन्हा केला, तर त्या गुन्ह्याच्या दुप्पट शास्ती. म्हणजे वाहतूक पोलीस, आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक वगैरे. यामागचा विचार मला पटतो. काल ज्याने दुसऱ्याला फुंकायला लावलं तोच आज झिंगून स्टिअरिंगवर असेल, तर त्याचा गुन्हा टेम्पोवाल्यासारखाच राहत नाही. त्याने स्वतःच्या अधिकाराचीही विटंबना केली. पण कलमाची भाषा ढोबळ आहे. ड्युटीवर नसलेला शिपाई घरच्या मोटारसायकलवर सापडला तर तो त्यात येतो का? दुप्पट म्हणजे फक्त दंड की कैदेची मर्यादाही? कलमात स्पष्टता नाही. आणि साधी अडचण अशी की आरोपपत्रात ते कलम लावायचं त्याच्याच सहकाऱ्यांनी.

तुमच्या गावचे अधिकारी त्यात बसत नाहीत, कारण त्यांचं खातं वाहतुकीचं नाही. मग कलम रुंद करून 'कोणताही लोकसेवक' असं घालावं का? इथे मी थांबतो. कायद्यात लोकसेवक कोण, याचं उत्तर लोकांना वाटतं तसं नाही. तलाठी येतो, जिल्हा परिषदेचा शिपाई येतो. आमदार? आर. एस. नायक विरुद्ध ए. आर. अंतुले या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २१ नुसार आमदार लोकसेवक ठरत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात पुढे व्याख्या बदलली ती वेगळी गोष्ट. पण दंड संहितेची जुनी व्याख्या उचलून कोणी 'लोकसेवकाला दुप्पट' असा कायदा केला, तर ग्रामसेवक दुप्पट भरेल आणि आमदारसाहेब टेम्पोवाल्याइतकंच भरून निघून जातील. त्यांच्या आमदारकीलाही धक्का लागणार नाही, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्यातली सर्वसाधारण अपात्रता दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली तरच लागते आणि पहिल्या गुन्ह्याची कमाल मर्यादाच सहा महिने आहे. तुम्हाला ज्यांचा राग आहे ते सुटतात आणि खालचा माणूस अडकतो, असा कायदा मला नको.

दुसरी भीती उलट्या बाजूची आहे. ती काल्पनिक नाही. १९८९ साली गुजरातेत नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचं स्थानिक पोलिसांशी वाजलं होतं. पोलिसांनी त्यांना ठाण्यात बोलावलं, मारहाण केली, जबरदस्तीने दारू पाजली, बेड्या घातल्या, दोरखंडाने बांधलं आणि दारूबंदी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ च्या निकालात पोलीस निरीक्षकाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची कैद झाली, आणि न्यायिक अधिकाऱ्याला अटक करताना काय पाळायचं याचे निर्देश दिले गेले. त्यात गाडी चालवण्याचा संबंध नव्हता. पण हुद्देदार माणसाला 'दारू प्यायलेला' ठरवणं किती सोपं आणि किती उपयोगी असू शकतं, ते त्यातून दिसतं. नाक्यावर वाळूचे डंपर अडवणाऱ्या नायब तहसीलदाराला धडा शिकवायचा असेल, तर ज्या कायद्यात एका फुंकीवर दुप्पट शिक्षा होते आणि नोकरीही जाते तो कायदा कुणाच्या हातातलं हत्यार होईल, याचा विचार करा. म्हणूनच माझा आग्रह पुराव्यावर असतो. तोंडाला वास येणं, झोकांड्या जाणं, बोलणं अडखळणं एवढ्यावर भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बच्चुभाई करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१ च्या निकालातच सांगितलं आहे. शास्त्रीय चाचणी हवी.

आणि चाचणी म्हटलं की वेळ आली. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी लढाई इथे जिंकली किंवा हरली जाते.

शरीर दारू ठरावीक गतीने जाळतं. माणसागणिक फरक पडतो, पण ढोबळमानाने तासाला शंभर मिलिलिटर रक्तामागे पंधरा मिलिग्रॅम धरतात. म्हणजे गाडी चालवताना साठ मिलिग्रॅम असलेला माणूस, मर्यादेच्या दुप्पट, दोन तासांत तीसवर येतो आणि निर्दोष ठरतो. नऊ तास काढले तर सव्वाशेच्या पुढे असलेला माणूसही शून्यावर येऊ शकतो. कायद्याला हे माहीत आहे. कलम २०२ म्हणतं की या गुन्ह्यात अटक केलेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी करा, नाहीतर सोडून द्या. पण नीट वाचा : दोन तासांचं घड्याळ सुरू होतं ते अटकेपासून. गाडी अडवल्यापासून नव्हे. टेम्पोवाल्याला लगेच खाली उतरवतात, त्याचं घड्याळ तिथेच चालू होतं. साहेबांना मात्र अटक होत नाही. साहेब ठाण्यात 'बसलेले' असतात. चहा येतो, फोन येतात, कुणीतरी वरिष्ठ 'बघतो' म्हणतात. स्टेशन डायरीला नोंद होत नाही किंवा होते ती पहाटे. कागदावर सगळं नियमात, दोन तासांच्या आत, आणि रिपोर्ट स्वच्छ. कुणीच खोटं बोललेलं नसतं.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण केरळमधलं आहे. ३ ऑगस्ट २०१९ च्या मध्यरात्रीनंतर तिरुवनंतपुरममध्ये के. एम. बशीर या पत्रकाराचा मोटारीच्या धडकेत मृत्यू झाला. आरोपी तरुण आयएएस अधिकारी. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप. शेवटचा निकाल येईपर्यंत तो आरोपच, म्हणून नाव घेत नाही. पोलीस घटनास्थळी होते, तरी रक्त घेतलं गेलं ते सुमारे नऊ तासांनी, आणि त्यात अल्कोहोल आढळलं नाही. पुढे २०२२ मध्ये सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचं कलम काढलं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते परत आणलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. मधल्या काळात निलंबन झालं, ते उठलं, २०२२ मध्ये जिल्हाधिकारी म्हणून नेमणूकही झाली आणि लोकांच्या विरोधामुळे काही दिवसांतच बदलली. आता सांगा, केरळात 'अधिकाऱ्याला दुप्पट शिक्षा' असा कायदा असता तर त्या नऊ तासांत काय फरक पडला असता? माझ्या मते एवढाच, की रक्त द्यायला उशीर करण्यात प्रत्येक अधिकाऱ्याचा दुप्पट फायदा झाला असता. शिक्षा जितकी मोठी, तितकी ती कागदावर येऊ न देण्याची धडपड मोठी.

पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरचा पोर्शे अपघात झाला. त्यातला आरोपी अधिकारी नव्हता, अल्पवयीन मुलगा होता. तरी रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. बाल न्याय मंडळाने जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळ्या राज्याने राग काढला; मला मात्र त्या नमुन्याची काळजी जास्त वाटली. निबंधाची अट वरच्या पातळीवर बदलता येते. नमुना गेला की गेला.

म्हणून सुधारणा मागायच्याच असतील तर माझी यादी अशी. लोकसेवक सापडला तर फुंकण्याची चाचणी जागच्या जागी, व्हिडिओखाली. दोन तासांची मोजणी गाडी अडवल्यापासून. पोलीस किंवा महसूल खात्याचा माणूस असेल तर रक्त घेताना आणि सील करताना दुसऱ्या उपविभागाचा अधिकारी हजर. आणि नकार दिला तर कलम २०५ नुसार तो नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो, हे आरोपपत्रात न विसरता लिहिणं. साहेब लोक बहुधा नकारच देतात, आणि तो नकार कागदावर येतच नाही.

आता खात्याकडे वळू. हुद्द्याप्रमाणे फरक व्हायला हवा तो इथे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये मादक पेयांबाबत नियम आहे. त्याच वर्षीच्या शिस्त व अपील नियमांत ठपक्यापासून वेतनवाढ रोखणं, पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, बडतर्फीपर्यंत सगळी शिडी आहे. शिवाय फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला संविधानाच्या कलम ३११(२) च्या परंतुकाखाली नव्याने विभागीय चौकशी न करताही काढता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या तुलसीराम पटेल निकालाने (१९८५) ते पक्कं केलं. परिवीक्षेवर, म्हणजे शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सोडलं म्हणून नोकरी आपोआप वाचते, हा गैरसमज त्याच न्यायालयाच्या बक्षीराम निकालाने (१९९०) दूर केला. थोडक्यात, हत्यारं भरपूर आहेत. निलंबनाची बातमी वाचून मात्र खूश होऊ नका. निलंबन ही शिक्षा नव्हे. अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिलं तर ते आपोआप मानलं जातं, पण हा गुन्हा जामीनपात्र असल्याने तितका वेळ कुणी आत राहतच नाही.

शिडीच्या कुठल्या पायरीवर थांबायचं, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. मी तीन प्रश्न विचारतो. गाडी चालवणं हेच त्याचं काम आहे का? ड्युटीवर होता किंवा सरकारी गाडीत होता का? आणि त्याचं पद हाच कायदा राबवणारं किंवा त्यावर निवाडा देणारं आहे का? एसटीचा चालक झिंगून बसला तर बडतर्फीलाही मी कडक म्हणणार नाही. विमानाच्या वैमानिकाला पहिल्या वेळीच तीन महिने घरी बसवतात, तिथे हाच न्याय आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे २०२२ मध्ये उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलिसांच्या एका चालकाचं प्रकरण आलं होतं. जवानांना घेऊन जाणारा ट्रक त्याने दारूच्या नशेत चालवला आणि जीपला धडक दिली. मोठं नुकसान झालं नाही म्हणून सोडा, हा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. अपघात प्राणघातक ठरला नाही हे केवळ नशीब, असं सुनावलं. तरी पंचवीस वर्षांची सेवा बघून बडतर्फीची जागा सक्तीच्या निवृत्तीने घेतली. मला तो तोल योग्य वाटतो. उलट पंचायत समितीतला एखादा लिपिक सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या स्कूटरवर, पहिल्यांदाच सापडला, तर त्याच्या पोराबाळांचं अन्न तोडणं मला न्याय वाटत नाही. ठपका, एखादी वेतनवाढ, बास.

तुमचे अधिकारी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत. गाडी खासगी होती की शासकीय, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझ्या उत्तराचा अर्धा भाग त्यावर ठरतो. शासकीय असेल तर लॉगबुक निघालं पाहिजे, आणि शनिवारी रात्री ती गाडी कुठल्या कामाला बाहेर होती हा वेगळाच विषय होतो. तसंच, 'सरकारी माणसावर खटल्याला आधी मंजुरी लागते' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते संरक्षण कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीला आहे. दारू पिऊन गाडी हाकणं हे कुणाचंच कर्तव्य नसतं.

आता तुम्ही काय करू शकता. दोषी ठरल्याचा निकाल खात्याला कळतोच असं समजू नका. कबुलीवर दंड भरलेल्या प्रकरणात कोर्ट, पोलीस आणि खातं यांच्यात कागद सरकतोच असं नाही, आणि अधिकारी स्वतःहून सांगायला जात नाही. माहिती अधिकारात 'कारवाई काय केली' असं विचारलंत तर सर्वोच्च न्यायालयाच्या गिरीश देशपांडे निकालाचा (२०१२) हवाला देऊन, ती वैयक्तिक माहिती आहे असं उत्तर येण्याची शक्यता मोठी आहे. त्यापेक्षा दुसरी वाट धरा. निकाल हा न्यायालयाचा दस्तऐवज आहे. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर आरोपीच्या नावाने खटला क्रमांक शोधा, कारण लिहून प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. ती प्रत जोडून त्यांच्या नियुक्ती प्राधिकाऱ्याला साधं पत्र द्या : अमुक तारखेला, अमुक कलमाखाली, तुमचा अधिकारी दोषी ठरला आहे. विशेषणं घालू नका, मागणीही लांबलचक नको. पत्राच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. त्यानंतर 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे उत्तर त्यांना देता येत नाही, आणि माझ्या पाहण्यात चौकशीची फाईल बहुतेकदा त्याच शिक्क्यानंतर उघडते.